साडेदहाचा डोंगर

नवरा चोरून गोड खातो, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पुरावाच होता तसा! त्याच्या दंडावर बटणाएवढा सेन्सर चिकटवून अकरा दिवस झाले होते, आणि रक्तातल्या साखरेचा आकडा दर पाच मिनिटांनी तिच्या फोनवर येत होता. नाश्त्यानंतर रेघ जरा वर, मग शहाण्यासारखी खाली. आणि साडेदहाला जी उठायची, ती थेट सव्वादोनशेवर. तिने त्या चढाचं नावच ठेवलं होतं, साडेदहाचा डोंगर.

"अहो, खरं सांगा, काय हाणता त्या वेळेला?"

"अगं बाई, क्रेनच्या केबिनमध्ये, दोनशे फुटांवर, मला मिठाई कोण आणून देणार? कावळा?"

उत्तर बिनतोड होतं, पण ती कसली ऐकते! डबा हुंगला, खिसे उलटे केले. निघाला एक गंजका नट. रविवारी मात्र नवरा दिवसभर तिच्या नजरेसमोर, तर डोंगर गायब. उलट अकराच्या सुमाराला साखर बासष्टवर घसरली, त्याला दरदरून घाम फुटला आणि तिनेच धावत साखरपाणी पाजलं. म्हणजे चोरी कामावरच होते, दुसरं काय?

तिने हे सगळं सांगितलं तेव्हा डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "तीन महिन्यांची सरासरी झकास आहे. पण वर कधी गेली, खाली कधी आली, हे सरासरी सांगत नाही. गुरुवारपर्यंत कारण शोधा. खात असतील तर खाणं थांबवू. नसतील, आणि मी उगाच सकाळचं इन्शुलिन वाढवलं, नि वर केबिनमध्ये साखर कोसळली तर..."

बुधवारी शिवणकाम गुंडाळून तिने थेट बांधकाम गाठलं, त्याला न सांगता. मुकादमाने डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि तिला कठड्यामागे उभं केलं.

दहा वीसला भिंतीएवढी काच उचलली गेली. चौदाव्या मजल्याच्या कडेला चार माणसं ती झेलायला उभी. फोनवर एकशे सव्वीस. काच अर्ध्यावर पोचली आणि वारा सुटला. काच गरकन फिरली, त्या चौघांच्या दिशेने.

मुकादमाच्या वॉकीटॉकीतून नवऱ्याचा आवाज आला. "थांबा. माणसं मागे घ्या. वारा जाऊ दे." इतका गार आवाज, जणू घरी पाणी मागतोय. मुकादमाने दिलेल्या दुर्बिणीतून तो केबिनच्या काचेआड दिसत होता. दोन्ही हात दांड्यांवर, तोंड बंद.

पाच मिनिटं गेली, काच हवेतच. एकशे अठ्ठावन्न. आणखी पाच. एकशे नव्वद.

"रोज याच वेळेला काच चढते, ताई," मुकादम कौतुकाने म्हणाला. "तुमचे हे म्हणजे नुसता बर्फ. घाबरणं ठाऊकच नाही."

तिने फोनकडे पाहिलं. दोनशे एकवीस.

डॉक्टरीणबाई मागे कधीतरी बोलल्या होत्या, माणूस घाबरला की हातापायांना बळ मिळावं म्हणून यकृत आपणहून साखर सोडतं. तेव्हा तिने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं होतं. आता अंगावर सर्रकन काटा आला. केवढं हे शरीर! रोज साडेदहाला, कुणी न सांगता, आतली कोठारं उघडतं, आणि त्या माणसाच्या आवाजात त्याचा मागमूससुद्धा नाही. तिला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, आणि खिसे उलटे केल्याची भयंकर लाज वाटली.

काच अलगद जागेवर बसली. हळूहळू रेघही उतरू लागली.

संध्याकाळी तो बूट काढत म्हणाला, "काय, सापडला का चोर?"

तिने त्याच्यापुढे फोन धरला. सकाळी काय पाहिलं ते सगळं सांगितलं. "इतकी वर्षं म्हणत आलात, आपलं काय, नुसतं बसून काम. एवढी भीती वाटते, हे एकदा तरी सांगायचंत."

"मलाच कुठे ठाऊक होतं?" तो त्या रेघेवरून बोट फिरवत राहिला. "हे माझ्या आत होतं? रोज?"

"रोज. उद्या डॉक्टरांना सांगायचं. डोस मुळीच वाढवून घ्यायचा नाही."

त्याने दुसरा बूट काढला. मग हळूच म्हणाला, "मुकादमाला नाही ना सांगितलंस?"