दोन किल्ल्यांचा शिक्का

मी एक जुना शिक्का आहे, मित्रांनो. पण शाईचा नव्हे. माझ्या पितळी जबड्यात कागद धरून दांडा दाबला, की कागदावर कंपनीचे नाव उठून येते. बोट फिरवले तर ते अंधारातही कळते. बडोद्यात मांडवीजवळच्या एका कारागिराने मला घडवले आणि मी वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीतील पंपांच्या कारखान्यात आलो.

माझे घर म्हणजे एक लोखंडी पेटी. तिला दोन कुलुपे होती. एक किल्ली संस्थापक बाळकृष्णरावांकडे आणि दुसरी घराण्याबाहेरच्या संचालकाकडे असे. "ज्यांनी शेअर घेतले त्या सर्वांची ही कंपनी. माझ्या एकट्याच्या हाताने हिचे नाव उमटू नये," असे ते म्हणत. संचालकांच्या सभेत ठराव झाला, तरच पेटी उघडे. विषय स्वतःच्या नातलगाचा असला, तर बाळकृष्णराव उठून बाहेर गॅलरीतल्या बाकावर जाऊन बसत. आतली चर्चा संपेपर्यंत चहासुद्धा ते तिथेच घेत. त्या काळी पाहुण्यांना माझी पेटी कौतुकाने दाखवत. एरवी मी अंधारात असे. पण तो अंधार मानाचा होता.

बाळकृष्णराव गेले. त्यांचे पुत्र मोहनराव अध्यक्ष झाले. दुसरी किल्ली तेव्हा वसुंधराबाईंकडे होती. त्या कारेलीबागेत राहणाऱ्या, महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या प्राध्यापिका.

कारखान्यामागची मोकळी जमीन कामगारांच्या दवाखान्यासाठी राखलेली होती. मोहनरावांना ती आपल्या मेहुण्याला स्वस्तात द्यायची होती. खरेदीखत टेबलावर आले. माझी पेटीही आली.

"काढा किल्ली, बाई. ठराव मागाहून लिहू," मोहनराव म्हणाले.

"आधी तुम्ही बाहेर बसा. मेहुणा तुमचा आहे."

"माझ्याच ऑफिसात मी बाहेर बसू? आता काय, बाकावर उभे करणार?"

"उभे नको. तुमचे वडील बसत, तसे बसा."

शेजारचे संचालक जयंतीभाई, जाऊ द्या अशा सुरात, हळूच गुजरातीत म्हणाले, "जवा दो ने, बेन. घरनी वात छे."

"घरची असती, तर घराबाहेरच्या बाईला किल्ली कशाला दिली असती, जयंतीभाई? जमिनीची किंमत त्रयस्थाकडून काढून घ्या. दवाखाना कुठे होणार ते सांगा. मग बोलू."

जयंतीभाई बशीतल्या चहाकडे पाहत राहिले. इतरांनी चष्मे पुसले. किल्ली निघाली नाही आणि खरेदीखत तसेच परत गेले. त्या दिवशी मला फार धन्य वाटले. पण बाई जिना उतरताना त्यांच्या सोबतीला कोणीही नव्हते.

त्यांची मुदत संपली, तेव्हा त्यांची पुन्हा नेमणूक झाली नाही. निरोपाला शाल दिली, श्रीफळ दिले आणि किल्ली मागून घेतली. पुढच्या सभेत मोहनराव खुर्चीवरून हललेसुद्धा नाहीत. दोन्ही किल्ल्या आता त्यांच्याचकडे होत्या. पेटी उघडली, दांडा दाबला गेला. मित्रांनो, मला नाही म्हणता येत नाही. धातूला तेवढी वाचा नसते. ती माणसांनाच दिलेली आहे. जमीन गेली. तिच्याभोवती तारेचे कुंपण पडले. कामगार आजही ताप अंगावर घेऊन बसने शहरातल्या दवाखान्यात जातात.

पुढे कायद्याने शिक्क्याची सक्ती उठवली. आता मी स्वागतकक्षातल्या काचेच्या कपाटात आहे. उजेड भरपूर आहे. पण इतके एकटे मला पेटीतही वाटले नव्हते. येणारे-जाणारे मला पाहून "जुने काहीतरी आहे" म्हणतात आणि लिफ्टकडे वळतात.

मोठे झालात, की तुम्हीही सोसायटीच्या, मंडळाच्या, कदाचित कंपनीच्या सभेत बसाल. नियम लिहून ठेवणारे तेथे पुष्कळ भेटतील. एखादीच व्यक्ती ते पाळा म्हणून उठेल, आणि खोली एकाएकी गप्प होईल. तेव्हा चहाच्या बशीकडे पाहू नका. "त्यांचे म्हणणे बरोबर आहे," एवढे चार शब्दही नकोत, तीनच पुरतील — "मीही तेच विचारतो."