चौकीवर दाखवायचा फोन

हॅलो! मी फोन बोलतोय. कामाचा नव्हे, फक्त चौकीवर दाखवायचा. आमच्या ब्रह्मदेशात सध्या प्रत्येक शहाण्या घरात दोन फोन असतात. एक खरा, लष्करी राजवटीविरुद्धच्या लढ्याचा. दुसरा माझ्यासारखा, सैनिकांपुढे धरायचा.

माझी पहिली मालकीण स्वेझिन, कॉलेज सोडून लढ्यात उतरलेली पोरगी. तिने मला इतकं पुसून स्वच्छ केलं की पहिल्याच चौकीवर शिपाई ओरडला, "एक फोटो नाही, एक निरोप नाही? हा फोन आहे की साबणाची वडी?" तिला दुपारभर उन्हात बसवून ठेवलं.

"अगं, निर्दोष माणसाच्या फोनमध्ये कचरा असतो," असं म्हणत तिच्या मावशीने, दॉ फ्वाने, माझा ताबा घेतला. मग काय! भिक्खूंची प्रवचनं, रडक्या मालिका, प्रत्येक जेवणाचा फोटो आणि एका ज्योतिषाचं रोजचं भविष्य. क्रांतीसाठी आलेला मी नूडल्सच्या फोटोंनी फुगलो. लाज वाटायची हो!

मग सैन्याने त्यांचं गाव जाळलं. स्वेझिनने झाडामागून ते चित्रित केलं. गावाकडचं नेट तोडलेलं. जगाला दाखवायचं तर मंडाले शहर गाठणं भाग होतं. खरा फोन प्लास्टिकमध्ये गुंडाळून आंबवलेल्या मासळीच्या बरणीत बुडवला आणि मावशी-भाची निघाल्या. मी मावशीच्या हातात.

पुलावरच्या चौकीत थेनझॉ नावाचा तरुण शिपाई होता. मला चाळता चाळता तो ज्योतिषापाशी थबकला. आमच्याकडे माणसाचं नशीब जन्मवारावरून ठरतं, आणि प्रत्येक वाराचा एक प्राणी असतो.

"मावशी, माझा गुरुवार. काय म्हणतो तुमचा ज्योतिषी?"

"गुरुवार म्हणजे उंदीर. डोकं आहे, धीर नाही."

"आईही तेच म्हणते. त्या बरणीत काय?"

स्वेझिनने बरणी घट्ट धरली. मावशी मात्र थंड. "मासळी. पण आज गुरुवारवाल्याने मासळीला हात लावला तर बायको पळून जाते."

"लग्नच झालं नाही माझं!"

"मग ठरायच्या आधीच पळेल. उघड, उघड! मला काय!"

त्याने हात मागे घेतला. "जा. पण हा फोन माझ्याकडे राहील."

"अरे मेल्या, माझ्या मालिकेचा शेवटचा भाग राहिलाय!" मावशी खरोखरच भांडायला लागली. स्वेझिनने तिला ओढत पूल पार केला.

थेनझॉने माझ्यात स्वतःचं सिमकार्ड घातलं. काही दिवसांनी ती चित्रफीत फिरत फिरत माझ्याकडेच आली. पोहोचली होती पोरगी! मी आनंदाने थरथरलो. जळती घरं, पळणारी माणसं, आणि मधोमध थेनझॉ, काखेत कुणाचं तरी बदक.

पाठोपाठ त्याच्या आईचा निरोप आला: "ते बदक कुणाचं रे?"

तेव्हापासून त्याला घास जात नाही. आज त्याने सैन्य सोडणाऱ्यांना आसरा देणाऱ्या गटाला लिहिलंय, "मला यायचंय. वाट सांगा." लिहिलंय फक्त, पाठवलेलं नाही. अंगठा हवेत लटकलाय. बाहेर सार्जंटचे बूट वाजताहेत आणि माझी बॅटरी संपत आलीय.

क्रांत्या अशाच अंगठ्यापाशी अडकतात! मला स्वतःला दाबता आलं असतं तर कधीच पाठवलं असतं. थेनझॉ, बाबा रे, आईला उत्तर द्यायचंय ना?

मग दाब.