वासेमाथाने मागून नेलेला हातमोजा

मी एक जुना हातमोजा आहे. गोलरक्षकाचा, उजव्या हाताचा. माझ्या पाठीवर काळ्या शाईने १ हा आकडा लिहिलेला आहे आणि तळव्याला खेकड्याच्या नांगीने पाडलेली दोन भोकं आहेत. आकड्याचा मला अभिमान आहे. भोकांविषयी मी बोलणार आहे, पण गोड शब्दांत बोलणार नाही. मित्रांनो, आपलं आयुष्य सांगणाऱ्या छत्र्या आणि दप्तरं फार सोशिक असतात म्हणे. मी तसला नाही.

कुठल्या देशात माझा जन्म झाला, ते मला धड ठाऊक नाही. लांबलचक टेबलावर कुणीतरी माझ्या तळव्याला मऊ रबर चिकटवलं, बोटं शिवली आणि माझ्या डाव्या भावाबरोबर मला पिशवीत घातलं. पिशवी उघडली ती थेट सुवा शहरात. फिजीच्या सोळा वर्षांखालील मुलींच्या संघाला शिकवणाऱ्या मिस गौंडर यांनी स्वतःच्या हाताने माझ्यावर तो आकडा काढला आणि आम्हाला सालानिएताच्या ओंजळीत ठेवलं.

"संघात एवढे लहान पंजे तुझेच आहेत," त्या म्हणाल्या. "ही एकच जोडी या मापाची आली आहे. रोज धुवायचे, सावलीत वाळवायचे. उन्हात टाकलेस तर मी तुला उन्हात उभी करीन."

सालानिएता तेव्हा चौदा वर्षांची होती. रेवा नदीच्या मुखाशी, खारफुटीला लागून तिचं गाव. त्या गावात मुलगे रग्बी खेळतात आणि मुलींचा फुटबॉल हा हसण्याचा विषय असतो. पण पोरीचे हात चपळ होते आणि ती माझी फार निगा राखायची. कोमट पाण्यात धुवायची, पिळायची नाही, बोटात बोट घालून आतला ओलावा टिपायची. पहिली स्पर्धा सामोआत झाली. तिथे वानुआतूच्या मुलीने मारलेली पेनल्टी आम्ही उजवीकडे झेप घेऊन अडवली. माझ्या तळव्याला अजून तो फटका आठवतो. त्या दिवसापासून गावात कुणी हसलं नाही.

पुढच्या वर्षी टोंगात स्पर्धा ठरली. अंतिम सामना गाठणारे दोन संघ जागतिक स्पर्धेला जाणार होते. सालानिएताच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. तिला तिथे जायचं होतं आणि मला तिच्या हातावर जायचं होतं.

निघण्याआधी एका रविवारी शिबिरातून सुट्टी मिळाली म्हणून ती घरी आली. चर्चहून परतल्यावर सगळी भावकी जेवायला जमली. नारळाच्या दुधातली मासळी होती, डालोचे उकडलेले कंद होते, आणि खेकडे होते. खेकडे वासेमाथाने आणले होते.

ही वासेमाथा म्हणजे सालानिएताची आतेबहीण, चाळिशीला आलेली. शेजारच्या गावी राहते, खारफुटीच्या चिखलात हात घालून खेकडे धरते आणि नाउसोरीच्या बाजारात विकते. मनाने मोठी बाई. कुणाच्या घरी आजारपण असलं की हिचे दोन खेकडे तिथे पोचलेच म्हणून समजा. पण ती या गावच्या बहिणीची मुलगी. अशा भाचरांना इथे वासू म्हणतात, आणि वासूने मामाच्या गावात काहीही मागितलं तरी नाही म्हणायचं नसतं. तसं इथे कुणालाच नाही म्हणायचं नसतं. मागण्याच्या या रीतीला केरेकेरे म्हणतात. वादळात घरं उडून जातात तेव्हा याच रीतीने माणसं जगतात, हे मला कबूल आहे. पण त्या रविवारी कुठलंही वादळ आलेलं नव्हतं.

आम्ही दोघे भाऊ सावलीतल्या दोरीवर वाळत होतो. वासेमाथाने मला उतरवलं आणि हात आत घातला. हात त्याच घराण्याचा, त्यामुळे मी तिलाही बसलो.

"काय मऊ आहे गं. आणि जाडही. यातून खेकड्याचा बापसुद्धा चावू शकणार नाही. ए सालानिएता, हे मला दे."

"ताई, मी मंगळवारी टोंगाला निघालेय."

"मग? तिकडे टीव्हीवर दाखवणार तुम्हाला. असल्या मळक्या मोज्यांत उभी करतील होय? नवे देतील." मग तिने डाव्या हाताची करंगळी पुढे केली. तिला नख नव्हतं. "हे बघ. मागच्या महिन्यात गेलं."

सालानिएताने बापाकडे पाहिलं. बाकीचे जेवून पांगले होते, मेसाके तेवढा चटईवर बसून मासळीचं डोकं चोखत होता. त्याने मान वर करण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

"दे की. वासू मागतेय आणि तू विचार कसला करतेस? लोक काय म्हणतील?"

आयजीच्या जिवावर बायजी उदार, ही म्हण मी त्याच्यासाठीच राखून ठेवली आहे. मोजे त्याचे नव्हते, सामना त्याचा नव्हता, लाज तेवढी त्याची होती. एका शब्दाचं काम होतं, मित्रांनो. मी त्या शब्दाची वाट बघत राहिलो.

"घे, ताई," सालानिएता म्हणाली.

वासेमाथाने रिवाजाप्रमाणे हातांची ओंजळ करून टाळ्या वाजवल्या आणि आम्हाला टोपलीत टाकलं, जिवंत खेकड्यांच्या शेजारी.

पुढचे दिवस कसे गेले ते सविस्तर सांगत नाही, कारण माझी जीभ आवरणार नाही. भल्या सकाळी ओहोटीला चिखलात शिरायचं, मुळांखालच्या बिळात दंडापर्यंत हात खुपसायचा, नांगी शोधायची. वानुआतूची पेनल्टी अडवणारा मी, आणि माझी उंची आता बिळाच्या खोलीवर मोजली जात होती. वासेमाथाने आम्हाला एकदाही गोड्या पाण्यात धुतलं नाही. होडीच्या काठावर रणरणत्या उन्हात टाकायची. तिसऱ्या दिवशी डावा भाऊ चिखलात रुतला तो वर आलाच नाही. ती "गेला" म्हणाली आणि पुढच्या बिळाकडे वळली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला तळपायही नाही.

उपांत्य सामना सॉलोमन बेटांशी होता. त्या दुपारी वासेमाथा होडीत होती, नवरा नेमानी वल्ह्यावर, आणि मधोमध छोटा रेडिओ. टोंगात पाऊस पडत होता. बोलणारा माणूस पुन्हा पुन्हा सांगत होता की फिजीची गोलरक्षक सारखी हातमोजे वर ओढतेय.

"हिचे मोजे सैल आहेत की काय?" नेमानी म्हणाला.

"नवे असतील. नवे असले की तसंच होतं," वासेमाथा म्हणाली आणि घाईघाईने मला घालून बिळात हात घातला.

मी बिळात होतो तेव्हाच ते झालं. सामना संपायला नऊ मिनिटं होती. अगदी साधा चेंडू, तिच्या हातात आलेला, हातातून निसटला आणि मागे गोलात गेला. एक-शून्य. त्याच क्षणी एका जंगी खेकड्याने मला धरलं आणि नांगी आरपार घातली. मला त्या भोकांचं काहीच वाटलं नाही. तो चेंडू माझा होता. कोरडा असो, ओला असो, मी तो सोडला नसता. वासेमाथा रेडिओकडे बघत बसली. नेमानी तिच्याकडे बघत होता.

संघ परत आला. गावाने सभागृहात जेवण ठेवलं, कारण हरलेल्यालाही जेवू घालायचं असतं. पण जेवणाबरोबर तोंडी लावायला टोमणे होतेच. एक चुलता म्हणाला, "टोंगात खोबरेल स्वस्त आहे का गं? हातांना बरंच चोपडलेलं दिसतंय." दुसरा म्हणाला, "पुढच्या वेळी हिला मासळी पकडायला पाठवू नका, उपाशी मरू." सगळे हसले. मेसाकेही हसला. वासेमाथा हसली नाही, पण मूग गिळून बसली. मी तिच्या टोपलीत, चार पावलांवर, खारट चिखलाने ताठ होऊन पडलो होतो. एवढ्या माणसांत खरं ठाऊक असलेले तिघे होते, आणि तिघांनीही ब्र काढला नाही. सालानिएतावरसुद्धा मी तेव्हा चिडलो. बोल ना पोरी, असं मनात शंभरदा म्हटलं. ती ताटातला डालो बोटाने कुस्करत राहिली.

नंतर नव्या शिबिराची यादी लागली. तिच्यात सालानिएताचं नाव नव्हतं. तिचे बूट कुणीतरी मागितले, तिने तेही दिले.

दोन महिन्यांनी, एका शनिवारी, मिस गौंडर नाउसोरीच्या बाजारात खेकडे घ्यायला आल्या. वासेमाथाने वेलीने बांधलेला खेकडा मला घालून उचलला आणि त्यांच्यापुढे धरला. मिस गौंडर खेकड्याकडे बघेनात. त्यांनी वासेमाथाचं मनगट धरलं आणि आकड्यावरचा चिखल अंगठ्याने पुसला.

"हा कुठून आणलास?"

"मागून आणला, मिस. मामाच्या पोरीने दिला. आमच्यात मागितलं की देतात."

"कधी?"

"टोंगाला जायच्या आधी."

मिस गौंडर यांनी मनगट सोडलं. मग म्हणाल्या, "ती मला म्हणाली, बसमध्ये हरवले. मी तिला सगळ्या मुलींसमोर बेजबाबदार म्हटलं. दुसरीचे मोजे देऊन उभी केली, दोन मापं मोठे. आणि त्याच कारणाने यादीतून काढली."

"तिने माझं नाव नाही घेतलं?"

"कुणाचंच नाही घेतलं."

वासेमाथाने खेकडा खाली ठेवला. तिने उरलेला माल शेजारणीला सांभाळायला दिला आणि बस पकडली.

दुसऱ्या दिवशी चर्चनंतर ती मेसाकेच्या घरी आली. हातात यांगोनाच्या मुळ्यांची जुडी होती. इथे मोठी चूक झाली की या मुळ्या पुढे ठेवून क्षमा मागतात. वासूने मामाच्या घरात क्षमा मागितलेली मात्र कुणी पाहिली नव्हती. ती दारापाशी, सगळ्यात खालच्या जागी बसली आणि टोमणे मारणाऱ्या चुलत्यांसकट सगळ्यांसमोर झालेलं सांगितलं, करंगळीपासून यादीपर्यंत. मग जुडी पुढे सरकवली आणि तिच्यावर मला ठेवलं.

मेसाकेने घसा खाकरून हात पुढे केला. "आम्ही हे स्वीकारतो. माझ्या मुलीच्या वतीने मी..."

"तुझ्यापुढे ठेवलेलं नाही, मामा," वासेमाथा म्हणाली. "तिच्यापुढे आहे."

सालानिएता उठून आली. तिने मुळ्यांना हात लावला, म्हणजे क्षमा केली. मग वासेमाथा रीतीप्रमाणे म्हणाली, "आता मनात काही ठेवू नकोस." यावर एकच उत्तर द्यायचं असतं. काही नाही, ताई, एवढंच.

"आहे, ताई," सालानिएता म्हणाली. "तुला माफ केलं, पण राग आहे. तुझ्यापेक्षा बाबांवर जास्त आहे. खोबरेल म्हणणाऱ्या काकांवरही आहे. पाऊस पडत होता आणि माझ्या हातात दुसरीचे मोजे होते. मी जागतिक स्पर्धेला जाणार होते."

मेसाके चटईकडे बघत होता.

सालानिएताने मला उचललं, हात घातला, भोकांतून दिसणारा स्वतःचा तळवा पाहिला. मग मला काढून वासेमाथाच्या मांडीवर ठेवलं. "हा तूच ठेव. तुझी बोटं तरी वाचतील. पण यापुढे माझे मोजे कुणी मागायचे नाहीत. मागितले तर मी नाही म्हणणार आहे."

मी अजून वासेमाथाकडेच आहे. आता ती मला रोज गोड्या पाण्यात धुते. माझा राग काही तेवढ्याने जात नाही. मित्रांनो, मागणं वाईट नाही आणि देणंही वाईट नाही. पण दुसऱ्याच्या दोरीवरची वस्तू उतरवण्याआधी ती कोणत्या कामाची आहे ते विचारा, आणि "नाही" म्हणणाऱ्या पोरीला उद्धट म्हणू नका.

मिस गौंडर यांनी यादी बदलली आणि नवी जोडी घेऊन त्या स्वतः गावात आल्या. वासेमाथा त्या दिवशी खेकडे घेऊन तिथेच आलेली होती, म्हणून मला पाहायला मिळालं. ती जोडी घरभर हातोहात फिरली. खोबरेलवाल्या काकाने बोट घालून पाहिलं, वासेमाथाने तळवा दाबून पाहिला, शेवटी मेसाकेच्या हातात आली. "छान आहे," तो म्हणाला, आणि त्याने उठून ती सालानिएताला नेऊन दिली.