तिळगुळासाठी पुढे आलेला हात

"फूं!" महाराजांनी मोरपिसांचा झाडू फिरवून फुंकर मारली, "खट्" आवाज झाला आणि समोरच्या माणसाचा लोंबता उजवा हात जागेवर बसला. सोडाला वस्तीतल्या मैदानात जमलेली शे-दीडशे माणसं ओरडली, "हड्डीजोड़ महाराज की जय!"

संक्रांत होऊन चारच दिवस झाले होते. जयपुरात संक्रांत म्हणजे पतंग, आणि पतंग म्हणजे गच्चीवरून घसरणारी माणसं. महाराजांनी हंगाम बरोबर साधला होता.

गर्दीत आमचे हेही होते. उमाकांतराव विम्याच्या कचेरीत अधिकारी. अख्ख्या शहराला अपघाताची भीती घालतात, पण इस्पितळाचं नाव काढलं की स्वतःच गारठतात. आदल्या संध्याकाळी पतंग काटायच्या नादात जिन्यावरून उजव्या खांद्यावर आपटले. तेव्हापासून डाव्या हाताने उजवं कोपर धरून, मान उजवीकडे कलती करून बसले होते.

"सुनंदा, डॉक्टर महिनाभर प्लास्टरमध्ये घालतील," हे म्हणाले. "इथे एक झटका की काम झालं. डोळ्यांनी पाहिलंस ना?"

पाहिलं होतं, म्हणूनच मला धास्ती वाटत होती. मी शेजारच्या गिरिजाताईंना सोबत आणलं होतं. त्या लष्करी इस्पितळात परिचारिका. हळदीकुंकवाला निघाल्या होत्या, तशाच तिळगुळाचा डबा घेऊन आल्या.

"भूत दिखता है?" महाराज गरजले. "नहीं दिखता! इसीलिए तो भूत है! वही हाथ खींचता है। लो, देवराम का फिर खींचा!"

मघाच्याच त्या माणसाने, देवरामने, अंगाला झोका दिला आणि हात पुन्हा लोंबला. बायकांनी पदर तोंडाला लावले. महाराजांनी यांना खूण केली, "इसके बाद आपका नंबर, साहबजी। ज़ोर से खींचूँगा, डरना मत।"

हे खरंच उठले! मी यांचा सदरा धरला. गिरिजाताई मात्र देवरामकडे बघत होत्या.

"खांदा निखळला की भले भले कळवळतात. हा तर पान चघळतोय," असं पुटपुटत त्या थेट त्याच्यापुढे गेल्या आणि लाडू पुढे केला. "भैयाजी, पहले परसाद लो। संक्रांत का है।"

देवरामचा डावा हात उठला आणि मध्येच थांबला. प्रसाद डाव्या हाताने कसा घ्यायचा? त्याने खांदा जरासा उडवला, "खट्" झालं, आणि उजवा तळहात पुढे आला! महाराज फुंकरीसाठी अजून छाती भरून घेत होते.

"अरे, फूंक तो मारी ई कोनी!" फुंकर तर मारलीच नाही, असं एक म्हातारी ओरडली, आणि सारं मैदान हसून लोळलं.

मग गिरिजाताईंनी सगळ्यांना समजावलं. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेलं लिंबू. म्हणून तर हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच चटकन निखळतो. भोवतीचे बंध सैल असले, तर एखाद्याला तो हवा तेव्हा काढता-घालता येतो. त्यात ना भूत, ना फुंकर.

"आणि यांचा तर खांदा निखळलेलाच नाही," यांच्या गळ्याजवळ अलगद बोट ठेवत त्या मला म्हणाल्या. "गळ्यापासून खांद्याकडे जाणारं हे आडवं हाड मोडलंय. त्याच्या खालून हाताची मोठी रक्तवाहिनी जाते. कुणी जोरात ओढलं असतं, तर मोडकं टोक तिच्यात घुसलं असतं."

मी यांचा सदरा आणखी घट्ट धरला. यांचा हात त्या महाराजांच्या हाती जाणारच होता!

महाराजांनी तोवर झाडू काखोटीला मारून पळ काढला होता. देवराम मात्र उभाच होता. "बहनजी, बचपन से ऐसा है। ठीक होगा क्या?" त्याने हळूच विचारलं. गिरिजाताई त्यालाही आमच्याबरोबर इस्पितळात घेऊन गेल्या.

एक्स-रे काढला, यांचं हाड मोडलेलंच निघालं. प्लास्टर लागलं नाही, हात नुसता झोळीत बांधला. उगाच घाबरले होते आमचे साहेब!

रथसप्तमीला गिरिजाताई पुन्हा तिळगूळ घेऊन आल्या. यांनी डावा हात पुढे केला आणि माझ्याकडे पाहून हसले. "उजवा कामाला लागलाय, हाड जोडतोय. देव समजून घेईल."

देव समजून घेईलच, आपणही समजून घ्यावं. फुंकर गरम चहावर मारावी. हाड दुखावलं, तर हात बांधावा आणि डॉक्टर गाठावा.