पलीकडची दोरी

थोरलीच्या शिवणाच्या मशीनसमोर खिडकी होती आणि खिडकीबाहेर मोकळी जमीन. त्या जमिनीच्या पलीकडे दुसऱ्या वसाहतीतल्या घरांच्या मागच्या बाजू दिसत. घराच्या मागच्या बाजूला माणूस जे कुणाला दाखवायचं नसतं तेच ठेवतो. पाण्याचं पिंप, मोडकी सायकल, जुनी गादी आणि दोरीवरचे कपडे. त्यातली डावीकडून दुसरी दोरी तिच्या धाकट्या बहिणीची होती.

हे सोसायटीत आता कुणालाच ठाऊक नव्हतं. दोघी बहिणींनी घरं घेतली ती जवळ राहता यावं म्हणूनच. दोन्ही वसाहतींची फाटकं वेगवेगळ्या रस्त्यांवर उघडत, पण मधल्या जमिनीतून पायवाट होती. धाकटी हातात झाकलेलं पातेलं घेऊन अनवाणीच यायची आणि मागच्या दारातून हाक मारायची. मग आई गेली. आई धाकटीकडे होती. थोरलीला निरोप पोचला तेव्हा सगळं संपलं होतं.

"तू मुद्दाम कळवलं नाहीस," थोरली म्हणाली.

"तुला कळवत बसायला मला सवड होती का?" धाकटी म्हणाली.

आणखीही बरंच बोलणं झालं. त्यातलं बाकीचं विरून गेलं, ही दोन वाक्यं तेवढी राहिली. पायवाटेवर गवत वाढलं.

बोलणं थांबलं तरी कपडे वाळतच होते. शिवणारीला कपडा बघितला की माणूस कळतो. भाचा उंच होत गेला तशी त्याच्या शाळेच्या पँटची दुमड उसवत गेली आणि एक दिवस ती पँट दिसेनाशी झाली. पुढे काही वर्षांनी दोरीवर अनोळखी, भडक रंगाचे कुर्ते आले. सून आली, थोरलीने ओळखलं. मग कुर्ते सैल झाले. मग दुपटी आली, लहान लहान, एका ओळीत. त्या दिवशी थोरलीने मशीन बंद ठेवलं आणि नुसतीच बघत बसली. तिचा स्वतःचा मुलगा लांबच्या शहरात होता. रविवारी फोन करायचा आणि तब्येत विचारायचा. नवरा जाऊन बराच काळ झाला होता.

धाकटीचा नवरा हॉटेलात आचारी. गडी आडवा. त्याचे पांढरे कोट आणि पट्ट्यापट्ट्यांचे पायजमे असे ऐसपैस की एकात दोघं मावावीत. ते वाऱ्यावर फुगले की आख्खी दोरी खाली यायची. मागच्या हिवाळ्यात ती दोरी बरेच दिवस रिकामी राहिली. नंतर पुन्हा कपडे दिसू लागले, पण कोट दिसले नाहीत, पायजमेही नाहीत. थोरलीने वाट पाहिली. मग एका सकाळी त्याच पट्ट्यांच्या कापडाच्या उशांच्या खोळी दोरीवर दिसल्या, आणि तिच्या काय ते लक्षात आलं. नवऱ्याची आठवण म्हणून धाकटीने पायजम्यांच्या खोळी केल्या असणार. तिनेही तेच केलं असतं.

ती मशीनवर डोकं टेकून रडली. दुसऱ्या दिवशी चांगली साडी नेसून सोसायटीच्या फाटकापर्यंत गेली. तिथे उभी राहिली. आपल्याला कुणी कळवलेलं नाही, मग कोणत्या तोंडाने जायचं, असं मनात आलं आणि ती परत फिरली. आठवडा गेल्यावर जाणं जास्तच अवघड वाटलं. महिन्याने तर फारच.

अशात सोसायटीने मधली जमीन विकत घेतली.

सभेत नियमकाकांनी नकाशा उघडून टेबलावर पसरला. ते सोसायटीचे सेक्रेटरी. नियम पाठ असल्यामुळे लोक त्यांना नियमकाका म्हणत, आणि त्यांनाही ते आवडे. जमिनीवर बाग होणार होती आणि बागेच्या टोकाला उंच भिंत.

"भिंत कशाला?" थोरलीने विचारलं.

"अहो ताई, बागेत बाकावर बसायचं आणि बघायचं काय? लोकांचे परकर?" दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या थोरलीच्या लगतच्या घरात राहत. "माझ्याकडे पाहुणे आले की मी त्यांना पाठ खिडकीकडे करून बसवते."

सगळे हसले.

"भिंत मागच्या रांगेसमोर येते," नियमकाका म्हणाले. "त्यामुळे त्या रांगेतल्या प्रत्येक घरमालकाची सही लागते, नियमच आहे तसा. सगळ्यांच्या झाल्या. ताई, तुमची तेवढी राहिली."

"मी नाही करणार."

"हरकत काय ते सांगा. लिहून घेतो."

थोरलीने नकाशावरची भिंतीची रेघ बघितली. मग म्हणाली, "उजेड जाईल."

"भिंत लांब आहे हो. उजेडाला काही होत नाही."

"वारा अडेल."

"वर जाळी ठेवू."

"शिवताना अधूनमधून लांबचं बघावं लागतं. नाहीतर डोळे दुखतात."

"मग लांबचं काहीतरी चांगलं बघा की," मागून कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा झाला. थोरलीही हसली, कारण सगळे हसत असताना आपण एकटीनेच न हसणं तिला जमलं नाही. पण सही तिने केली नाही.

त्यानंतर वाटेत भेटणाऱ्या बायका तिच्याशी हवापाण्याचंच बोलू लागल्या. डॉक्टरीणबाई ब्लाउज शिवायला टाकायच्या, त्यांनी ते दुसरीकडे टाकले. तिच्या मुलापर्यंतही बातमी गेली. "आई, एका भिंतीसाठी कशाला सगळ्यांशी वाकडं घेतेस?" तो फोनवर म्हणाला. "घराची किंमत वाढेल." तिने बरं म्हटलं आणि नातवाची परीक्षा कशी झाली ते विचारलं.

नियमकाका मनाने वाईट नव्हते. त्यांना थोरलीची काळजी वाटत होती आणि या काळजीतच त्यांनी घोटाळा केला. त्यांनी असा विचार केला: बाई दिवसभर त्या खिडकीत असतात. पसारा सगळ्यांत जास्त त्यांनाच दिसतो. भिंत नको म्हणतात, उजेड हवा म्हणतात. तर मग आपण समोरच्यांनाच जाऊन विनंती करावी. कुणाला न सांगता ते स्कूटर काढून पलीकडच्या वसाहतीत गेले.

थोरलीने सकाळी पडदा सरकवला तेव्हा डावीकडून दुसरी दोरी नव्हती. रिकामी नव्हे, नव्हतीच. दोन खांब तेवढे उभे होते.

दुपारी नियमकाका हसतमुखाने दारात आले. "बघितलंत का? समोर साफ झालं."

"तुम्ही काय केलंत?"

"गोडीत बोललो. पलीकडे एक बाई राहतात म्हटलं, शिवणकाम करतात, एकट्या असतात, त्यांना दिवसभर हे बघत बसावं लागतं. बाकीची घरं भांडली माझ्याशी, त्यामुळे भिंतीशिवाय सुटका नाहीच. पण तुमच्या अगदी समोरच्या बाई आहेत ना, त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत. ऐकून घेतलं आणि माझ्यादेखत दोरी सोडली. सज्जन बाई."

थोरलीने दाराची चौकट धरली. "पाणी घेणार का?" तिने विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवं होतं.

ते गेल्यावर तिने साडी बदलली नाही. गळ्यातली टेपही काढायची राहिली. मागच्या दाराने उतरून ती गवतातून चालत गेली. काटे पदराला लागले. पलीकडचं मागचं दार तिने वाजवलं आणि ते धाकटीनेच उघडलं.

धाकटीचे केस विरळ झाले होते आणि चष्मा आला होता. खिडकीतून या दोन गोष्टी कधी दिसल्या नव्हत्या. तिच्या मागे स्वयंपाकघरभर ओले कपडे होते. खुर्च्यांच्या पाठींवर, जिन्याच्या कठड्यावर, दाराच्या कडीला. पंखा जोरात फिरत होता.

"दोरी सोडली," धाकटी म्हणाली. "आता काय राहिलं?"

"मी नाही सांगितलं त्यांना."

"शिवणकाम करणाऱ्या बाई, एकट्या. तिकडे अशी दुसरी आहे का कुणी?"

"त्यांनी आपल्या मनानेच केलं. मी तर भिंतीला नाही म्हणत होते."

"आत ये. दार उघडं राहिलं की माश्या येतात."

थोरली आत आली. बसायला कोरडी जागा नव्हती. धाकटीने एका खुर्चीवरची चादर उचलली, पण ती ठेवायची कुठे ते न सुचून हातातच धरून राहिली.

थोरली उभीच राहिली. इतके दिवस जे बोलायचं होतं ते आता बोलून टाकलं नाही तर ते कधीच होणार नाही, असं तिला वाटलं. "मी तेव्हा यायला हवं होतं गं," ती म्हणाली. "तुझे हे गेले तेव्हा. मला कळलं होतं. मी इथेच होते."

"कुठे गेले?"

"कुठे म्हणजे?"

"वर झोपलेत. हाक मारू का?"

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि कठड्यावरचे कपडे बाजूला सारत एक किडकिडीत माणूस खाली आला. अंगात कुठल्याशा शर्यतीचं चित्र छापलेला टी-शर्ट होता. चेहरा ओळखीचा होता, पण अर्धाच उरलेला.

"अरे, ताई," तो म्हणाला. "किती वर्षांनी."

"ताईला वाटलं तुम्ही मेलात," धाकटी म्हणाली.

"कधी?"

"मागच्या हिवाळ्यात," थोरली पुटपुटली. "कोट दिसेनात. पायजमे दिसेनात."

त्याने गंभीरपणे विचार केला. "तसं फार चुकलं नाही तुमचं. दवाखान्यात पोट फाडलं माझं. थोडक्यात वाचलो. कोटाचं काम तर सुटलंच, आणि पायजमे घातले की धरूनच चालावं लागायचं. हिने खोळी शिवल्या त्यांच्या. आता मुलाचे टाकलेले कपडे घालतो." मग त्याने जरा आशेने विचारलं, "रडलात का?"

"रडले."

"पुष्कळ?"

"पुष्कळ."

"मग बरं वाटलं," तो म्हणाला आणि हसता हसता त्याला खोकला आला. धाकटीही हसली. ते हसू थोरलीने लहानपणापासून ओळखलेलं होतं. नाकातून सुरू व्हायचं ते. तिला वाटलं, आता सगळं ठीक होईल.

पण धाकटीचं हसू मध्येच थांबलं. हातातली चादर तिने टेबलावर ठेवली.

"म्हणजे तुला वाटलं, हे गेले."

"हो."

"आणि तू आली नाहीस."

थोरलीने टेबलावरच्या चादरीकडे बघितलं.

"आईच्या वेळी मी कळवलं नाही म्हणून इतकी वर्षं धरून बसलीस," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मी ते मनाला लावूनही घेतलं होतं. खरंच माझी चूक असेल, असं वाटायचं मला. आणि तुला कळलं, समोर बसून कळलं, तरी तू आली नाहीस."

"फाटकापर्यंत आले होते."

"फाटकापर्यंत," धाकटी म्हणाली.

थोरलीने गळ्यातली टेप काढली आणि बोटाभोवती गुंडाळली.

"त्या भिंतीला सही करून टाक," धाकटी म्हणाली. "माझे कपडे तरी बाहेर वाळतील. तुमच्या आख्ख्या सोसायटीने बघायला आम्ही काय मांडून ठेवलंय?"

"मग मला तुमचं काही दिसणार नाही."

"काय दिसत होतं तुला तिथून? माझा जिवंत नवरा मेलेला दिसला. कशाला हवी ती खिडकी?"

आचाऱ्याने घसा साफ केला. "ताई, शनिवारी जेवायला या," तो म्हणाला. "खाणं फार उरलं नाही माझं, पण करायला अजून हात चालतात."

थोरलीने धाकटीकडे बघितलं. धाकटी हो म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. तिने टेबलावरची चादर पुन्हा उचलून दोन टोकं धरली होती आणि तिसरं शोधत होती. पूर्वी दुसऱ्या बाजूची टोकं थोरली धरायची. तिचा हात पुढे झाला, पण तोवर धाकटीने चादर हनुवटीखाली धरून एकटीनेच दुमडली.

दुसऱ्या दिवशी थोरलीने नियमकाकांच्या घरी जाऊन सही केली.

"मन बदललं म्हणायचं," ते खूष होऊन म्हणाले. "कशामुळे?"

"तिथून नीट दिसत नव्हतं."

"तेच तर आम्ही सभेत सांगत होतो तुम्हाला."

डॉक्टरीणबाईंचे ब्लाउज परत आले. जमिनीवर विटा पडल्या आणि आठवडा संपायच्या आत थोरलीच्या खिडकीतून विटांची रांग आणि वरचं आभाळ दिसू लागलं. उजेडाला खरंच काही झालं नाही. शिवताना ती सवयीने मान वर करायची, विटा दिसायच्या, आणि ती पुन्हा सुईकडे बघायची. पलीकडे आज काय वाळत असेल, हा विचार ती मनात येऊ द्यायची नाही. पण तो यायचाच.

शनिवारी तिने चांगली साडी नेसली, सोडली आणि रोजची नेसली. मागचा रस्ता बंद झाल्यामुळे मोठ्या रस्त्याने वळसा घालून जावं लागलं. दुकानाच्या सावलीत थांबून तिने दम घेतला. पलीकडच्या वसाहतीचं फाटक ओलांडल्यावर मात्र तिला पुढे सुचेना. समोर सारखी दिसणारी दारं होती. कुणी मजला चढवला होता, कुणी रंग बदलला होता. बहिणीचं घर तिला मागूनच ओळखता येत होतं.

एक माणूस नळी लावून स्कूटर धूत होता. "कोण हवंय आजी?"

"आचारी आहेत ना, हॉटेलात होते, त्यांचं घर."

"काकांचं? पुढच्या वळणावर, हिरवं दार." त्याने नळी बाजूला धरली, म्हणजे तिच्या पायांवर पाणी उडणार नाही. "सकाळपासून फोडण्या देतायत. पाहुण्या येणार आहेत म्हणाले. तुम्हीच का त्या?"

"माहीत नाही," थोरली म्हणाली, आणि वळणाकडे चालू लागली.