दोरी चांगली होती

मास्तर शाळेतले नव्हते, गाडी चालवायला शिकवायचे. गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली शिकलेली, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं.

त्यांच्या अंगणातलं वठलेलं झाड कापून नेलं, पण बुडखा राहिला. गाडी आत घेताना रोज त्याला घासायची. बायको म्हणाली, "अहो, दोन मजूर बोलवा. दिवसभरात खणून काढतील."

"दारात गाडी असताना खणायचं कशाला? दहा मिनिटांचं काम आहे," म्हणत मास्तर कोपऱ्यावरच्या दुकानात नायलॉनची दोरी आणायला गेले. भरदुपारची वेळ, दुकानात दुसरं कोणी नव्हतं. दुकानदार दोरी मापता मापता थांबला.

"कशाला हवीय, मास्तर?"

"बुडखा ओढायचाय गाडीने."

"मग ही नको. ही सामान बांधायची. रबरासारखी ताणली जाते आणि तुटली की तशीच मागे येते. आधी चहूबाजूंनी खणा, मुळं तोडा."

"गाडीतलं तू मला शिकवणार होय?" मास्तर हसले. दुकानदाराने मुकाट्याने दोरी कापून दिली.

बायको पायरीवर उभी होती. "आत जा" असं मास्तरांच्या ओठांवर आलं होतं. पण बुडखा निघताना तिने बघावं, असंही वाटत होतं. गाडी पुढे सरकली, दोरी तारेसारखी ताठ झाली, बुडखा जागचा हलेना. मास्तरांनी आणखी जोर दिला. फाडकन आवाज झाला. ते उतरून धावले तेव्हा बायको पायरीवर खाली बसली होती, एक हात दुसऱ्या हाताने धरून.

मनगटाच्या वर हाड मोडलं होतं. कसं झालं, डॉक्टरांनी विचारलं. "दोरीच हलकी निघाली," मास्तर म्हणाले. इतकं सहज तोंडातून गेलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. मग प्लास्टर बघायला येईल त्याला तेच सांगणं आलं. आठवड्याभरात गल्लीत झालं: कोपऱ्यावरचा दुकानदार हलका माल खपवतो.

रविवारी दुकानदार स्वतःच आला, हातात फळांची पिशवी घेऊन. खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाला, "वहिनी, ती सगळी गुंडाळी मी फेकून दिली. मी द्यायलाच नको होती. नको म्हणालो, पण जरा ठाम सांगायला हवं होतं."

"तुम्ही नको म्हणाला होतात?" बायकोने विचारलं.

दुकानदाराने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर चपलांकडे बघत होते. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "नक्की आठवत नाही, वहिनी. तेव्हा दुकानात गर्दी होती."

मास्तरांचे कान तापले. त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले, तिथेही तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी मास्तर बायकोची वेणी घालत होते. ती पाठमोरीच म्हणाली, "गर्दी होती का हो?"

"नव्हती."

"मग?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझा हात महिन्या-दीड महिन्यात बरा होईल. त्याच्या दुकानाचं काय करणार आहात?"

दुसऱ्या दिवशी मास्तर मुद्दाम सकाळच्या गर्दीत गेले. सात-आठ माणसं होती, त्यांत त्यांच्याकडे शिकणारी एक बाईही. "दोरी चांगली होती," मास्तर म्हणाले. "याने नको म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, आणि वर याचंच नाव खराब केलं."

ती बाई हातातल्या यादीत बघू लागली. दुकानदार खिळे तोलत होता, तोलतच राहिला. "बरं," एवढंच म्हणाला. माफ केलं असंही नाही, केलं नाही असंही नाही. मास्तरांनी पहार आणि करवत मागितली. त्याने ती काढून दिली आणि खाली बघतच म्हणाला, "डोळ्यांना चष्मा लावा. ढलप्या उडतात."

बुडखा निघायला चार दिवस लागले. माती उकरायची, एकेक मूळ उघडं करायचं, करवतीने कापायचं. तळहातांना फोड आले, पण मजूर बोलवा असं या वेळी बायको म्हणाली नाही. चौथ्या दिवशी पहारीने बुडखा कलंडला, तेव्हा मास्तर खड्ड्याच्या कडेला नुसते बसून राहिले.

दुकान पुन्हा पूर्वीसारखं चालू लागलं. मास्तरही जातात अधूनमधून. दुकानदार "या" म्हणतो, पण मास्तर पुढे होत नाहीत. मागून आलेल्यांनाही आधी घेऊ देतात, आणि दुकान रिकामं झालं की मग हळू आवाजात काय हवं ते सांगतात.