हौसाच्या वालातली रेंज

खडपवाडीत घरटी दोन फोन होते, पण रेंज एकाही घरात नव्हती. रोह्याहून वरसे गाव मागे टाकून रस्ता डोंगराच्या कुशीत शिरला की फोनवरच्या रेघा एकेक करून विझायच्या, आणि गाव येईपर्यंत फोनचं नुसतं घड्याळ उरायचं. मात्र देवळामागे एक जागा अशी होती की तिथं उभं राहिलं तर तीन रेघा ठणठणीत यायच्या. कृपा म्हणा की अवकृपा, ती जागा हौसाच्या वालाच्या शेतात होती, आणि तीही बरोबर मधोमध.

भात निघालं की हौसा तिथं वाल पेरायची. माघाच्या थंडीत गावाची पोपटी व्हायची ती तिच्याच शेंगांची. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरायचा, ओवा-मीठ लावलेल्या शेंगा भरायच्या, मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा आणि सगळ्या गावानं गोल बसून सोलत खायचं. नवरा गेल्यावरही हौसानं त्यात खंड पडू दिला नव्हता. पण गेल्या साली फोनवाल्यांनी शेत असं तुडवलं की मूठभर शेंगा हाती लागल्या नाहीत. गडबच्या बाजारातून पोतं आणावं लागलं. गावकीचे म्होरके हैबतराव, नात्यानं तिचे दीर, एक शेंग सोलून म्हणाले होते, "वैनी, शेंगा बऱ्या हायत. पण गडबच्या हायत." एवढंच बोलले, पण ते हौसाच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. यंदा विकतची शेंग मडक्यात पडली तर मडकंच फोडीन, असं तिनं सुनेला बजावून ठेवलं होतं.

आता अडचण अशी की तुडवणाऱ्यांत सूनही होती. मनाली अंगणवाडीची सेविका. पोरांची वजनं फोनात भरायची तर सासूच्या वालात उभं राहण्यावाचून तिला दुसरी जागा नव्हती. तिच्या मागं उभ्या असलेल्याला मेव्हण्याशी बोलायचं असायचं, त्याच्या मागच्याला गॅसचा नंबर लावायचा असायचा. हौसा बांधावर काठी घेऊन बसायची. हाकलून हाकलून हाकलणार कुणाला? सगळीच आपली माणसं.

म्हणून दिवाळीनंतर मनालीनं नकाशाची गोष्ट आणली तेव्हा हौसानं पहिल्यांदा कान टवकारले. पेणच्या काही मंडळींनी एक ॲप काढलं होतं. माणसानं आपल्या फोनात बटण दाबायचं, की तिथं रेंज किती ते फोन आपणच मोजून ठेवणार. हजार माणसांनी हजार ठिकाणी मोजलं की जिल्ह्याचा नकाशा रंगणार. रेंज असेल तिथं हिरवा ठिपका, नसेल तिथं लाल. लाल गावांची यादी कंपन्यांकडे जाणार आणि टॉवर मागितला जाणार. हौसाला एवढंच कळलं की टॉवर आला तर माणसं आपापल्या घरात बसून बोलतील आणि वाल वाचेल. तिनं घरोघर फिरून सांगितलं, बटण दाबा.

गावानं मनापासून दाबलं. पंधरा दिवसांत दोनशेवर मोजण्या झाल्या. मनाली पेणच्या बैठकीला मोठ्या दिमाखात गेली आणि परतली ती तोंड पाडून. भिंतीवरच्या नकाशात खडपवाडी हिरवीगार होती. यादीतून नाव कटलं होतं, वर तिथला एक जण हसून म्हणाला होता की ताई, तुमच्याकडे तर आमच्या पेणपेक्षा बरी रेंज दिसते.

झालं होतं असं. फोन काढायचा तर हौसाच्या वालात जाऊन, ही गावाची सवय. घरात कुणी फोन हातातच घेत नसे. तेव्हा बटणही सगळ्यांनी तिथंच जाऊन दाबलं. दोनशे ठिपके वीस गुंठ्यांत, आणि बाकी गाव कोरं. कोरं म्हणजे तिथं वस्तीच नसेल, असं नकाशा धरतो.

हौसानं हे ऐकून घेतलं, हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "म्हंजे डाक्टरकडं जाऊन तुमी दुखत नाय तो गुडघा दाखवलात."

त्याच सांजेला तिनं देवळात गावकी बसवायला लावली. मांडणी साधी होती. आजपासून प्रत्येकानं आपल्या घरात, ओटीवर, विहिरीवर बटण दाबायचं. आणि निकाल लागेपर्यंत फोन घेऊन वालात पाय ठेवायचा नाही. ठेवला तर एक नारळ दंड, देवाला.

अडले ते हैबतरावच. त्यांच्या लेकीचं, वैशालीचं स्थळ पेणला जवळजवळ ठरलं होतं, नुसती तारीख यायची बाकी होती. नवरामुलगा सारखा फोनात डोकं घालून असतो, त्यानं नकाशा उघडला आणि सासऱ्याच्या घरावर लाल ठिपका बघितला तर काय म्हणेल, अशी त्यांना धास्ती. लाल म्हणजे वाईट. निदान पिवळा तरी मिळेल का, असं त्यांनी मनालीला हळूच विचारलं. बायका पदराआड हसल्या. हौसा म्हणाली की भावोजी, लाल ठिपका पुसता येतो, पण लग्नानंतर लेकीचा फोन लागला नाय तर रात्रंदिस तुमीच ओट्यावर येरझारा घालाल. हैबतरावांनी आपल्या हातानं नारळ फोडला आणि गावकीचा ठराव पक्का झाला.

दारोदार मोजायला आणखी एक हात मिळाला. इलियास पाववाला रोज सकाळी रोह्याशेजारच्या अष्टमीहून मोटारसायकलवर पाव घेऊन यायचा आणि भोंगा वाजवत प्रत्येक दारी थांबायचा. त्यानं फोन पावाच्या टोपलीत ठेवला. एक डझन पाव, एक ठिपका. "काकी, तुमच्या गावात पावाला गिऱ्हाईक हाय, रेंजला नाय," असं तो रोज सांगून जायचा. आठवडाभरात खडपवाडी नकाशावर पिकल्या तोंडल्यासारखी लाल झाली.

मग खात्री करायला कंपनीचा माणूस आला. रितेश नावाचा, पाठीवर पिशवी, हातात मोजायचं यंत्र. सगळं गाव फिरला, मान डोलावली, कागदावर काहीतरी खरडलं. सारं ठीक चाललं होतं. जाताना त्यानं सहज विचारलं की इथून फोन करायचा तर कुठून करता?

कुणी आभाळाकडे बघितलं, कुणी पायाच्या अंगठ्याकडे. पण रितेशला देवळामागची पायवाट दिसली. ती बांधावरून उतरून वालात शिरत होती आणि मधोमध जाऊन संपत होती.

"ही वाट कुठं जाते?"

"कुठंच नाय," हैबतराव म्हणाले.

"मग पडली कशी?"

आता खोटं बोलून भागणार नव्हतं. हौसानं त्याला बांधावर नेलं, पण पुढं पाऊल टाकू दिलं नाही. शेतात वरच्या अंगाला फूल होतं, खालच्या अंगाला शेंग भरत होती. म्हणाली, काय मोजायचं ते हात लांब करून मोजा. बिचारा एका पायावर वाकला, आणि हौसानं मागून त्याच्या पिशवीचा पट्टा धरून ठेवला. यंत्र फोनापेक्षा तिखट, बांधावरूनच हिरवा दिवा लागला. रितेश सरळ झाला आणि अवघडून म्हणाला की आजी, मग तुमच्याकडे रेंज आहे की. हे मला लिहावं लागेल.

"लिवा," हौसा म्हणाली. "पण एक करा. गावातले समदे नंबर घ्या. चार दिस, वाटेल तवा फोन लावा. एकानं जरी उचलला तर टॉवर नको आमाला."

रितेशला ही पैज आवडली. तो चाळीस नंबर लिहून घेऊन गेला.

चार दिवस. पहिला सरला, दुसरा सरला. तिसऱ्या दिवशी दुपारी हौसा बांधावर शेंगा चाचपत बसली होती, तर पायवाटेनं हैबतराव आले. डोक्याला स्वच्छ टोपी, एका हातात फोन, दुसऱ्या हातात सोललेला नारळ.

"वैनी, दंड आधीच आणलाय," ते म्हणाले आणि नारळ पुढे केला.

हौसानं नारळ घेतला, मांडीवर ठेवला आणि वाटेच्या तोंडावर आडवीच बसली.

हैबतराव समोर उकिडवे बसले. पेणची माणसं आज-उद्या तारीख कळवणार होती. फोन लागला नाही तर त्यांना वाटेल आपलं मन नाही. पाच मिनिटांचं तर काम. कंपनीचा फोन नेमका त्याच पाच मिनिटांत कशाला येतोय?

"आणि आला तर?"

"नाय उचलत मी त्यो."

"भावोजी, तुमी फोन वाजला की जेवणावरनं उठता," हौसा म्हणाली. "नंबर बघायलाबी चष्मा लागतो तुमाला, आणि चष्मा घरी हाय."

हैबतरावांनी खिसा चाचपला. चष्मा खरंच घरी होता. तरी ते उठेनात. हौसाचा आवाज मग जरा उतरला. तिनं सांगितलं की गेल्या साली तुमी जे बोललात ते मी विसरले नाय. शेंगा गडबच्या होत्या, खरं होतं. यंदा फूल धरलंय, खालच्या अंगाला शेंग भरलीय. पेणची माणसं खरीच सोयरे असतील तर फोन नाय लागला म्हणून तुटायची नायत, आपल्या पायानं येतील. आली तर त्यांच्यापुढं काय ठेवायचं ते बघा.

हैबतरावांनी हात लांबवून बांधालगतची एक शेंग चाचपून बघितली. मग उठले आणि आल्या वाटेनं गेले. थोडं पुढं जाऊन वळले.

"नारळ?"

"ऱ्हाऊ दे. मनात पाय टाकलात ना."

पाचव्या सकाळी इलियास भोंगा न थांबवता थेट हौसाच्या दारी आला. कंपनीच्या रितेशसाहेबानं त्याला अष्टमीच्या पुलावर गाठलं होतं. चार दिवसांत एकशे साठ फोन लावले, प्रत्येक वेळी फोनातली बाई एकच सांगायची, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. शेवटी निरोप द्यायलाही फोन लागेना, म्हणून पाववाल्याच्या हाती चिठ्ठी. खडपवाडीचं नाव यादीत परत आलं होतं, आणि टॉवरच्या जागेसाठी देवळावरच्या टेकाडाची मोजणी पुढच्या महिन्यात होती.

इलियासच्या पाठोपाठ फटफट करत एक रिक्षा आली. तिच्यातून नवऱ्यामुलासकट पेणचे चार पाहुणे उतरले, घामाघूम आणि जरा रागावलेले. दोन दिवस फोन लावतोय, म्हणाले, शेवटी म्हटलं जाऊनच बघू माणसं आहेत की नाहीत.

माणसं होती. सांजेला देवळापुढं मडकं उपडं पडलं आणि जाळ चढला. इलियासही थांबला, त्यानं टोपलीतले उरलेले पाव सगळ्यांत वाटले. नवऱ्यामुलानं गरम शेंग सोलली, फुंकर घातली, तोंडात टाकली आणि शेंगा कुठल्या म्हणून विचारलं.

हौसानं हैबतरावांकडे बघितलं. हैबतराव खाकरले.

"आमच्या वैनीच्या," ते म्हणाले. "आणि लग्नाची तारीख काय ठरली ते इथंच सांगा. फोन करू नका."

मुलानं सवयीनं फोन काढून उंच धरला, इकडे फिरवला, तिकडे फिरवला आणि फिरवत फिरवत देवळामागं निघाला. हौसानं जाळातलं लाकूड सारखं केलं आणि बसल्या जागेवरून हाक मारली.

"जावईबापू, तिकडं जायचं तर येताना नारळ घेऊन यायचा."